हृदयातील अतिरिक्त संवहनमार्ग व तालविकृती

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांतून म्हणजे अलिंदांतून खालच्या दोन कप्प्यांत म्हणजे निलयांत विद्युत् आवेग नेणारा नैसर्गिक मार्ग एकच असतो. काही व्यक्तींत या मार्गाखेरीज स्नायुतंतूंचा एखादा बारीक पूल जन्मतःच शिल्लक राहिलेला असतो. त्यास अतिरिक्त संवहनमार्ग म्हणतात. या पुलावरून आलेला आवेग निलयांचा काही भाग वेळेआधीच उद्दीपित करतो, म्हणून या अवस्थेस पूर्वोद्दीपन असे नाव मिळाले आहे. तिच्या जोडीस द्रुत हृद्‌गतीचे झटके येत असल्यास, १९३० मध्ये तिचे एकत्रित वर्णन करणाऱ्या लूइस वुल्फ, जॉन पार्किन्सन व पॉल डडली व्हाइट या तीन वैद्यांच्या नावांवरून, तिला वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट लक्षणसमूह म्हणतात.

विद्युत् हृल्लेखात, म्हणजेच रूढ भाषेतील ईसीजीत, पूर्वोद्दीपनाची खूण सर्वसाधारणपणे दर हजार व्यक्तींमागे एक ते तिघांत आढळते. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत सु. १८.४ लाख व कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत सु. १२.५ लाख लोक राहत होते. वरील प्रमाण या दोन्ही मिळून होणाऱ्या सु. ३१ लाख लोकसंख्येस लावल्यास, एवढ्या वस्तीत असा मार्ग बाळगणाऱ्या सु. ३,००० ते ९,००० व्यक्ती असाव्यात असा हिशेब निघतो. त्यांपैकी पुष्कळांना आयुष्यभर कोणताही त्रास होत नाही. काहींना वारंवार धडधडीचे झटके येतात. आणि फार थोड्यांच्या बाबतीत हाच मार्ग आकस्मिक मृत्यूस कारण होतो. हे थोडे कोण, हे आधीच कसे ओळखावे, हाच या विकाराच्या शंभर वर्षांच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

रचना व कार्य : गर्भावस्थेच्या आरंभी अलिंदांचे व निलयांचे स्नायू एकमेकांस जोडलेले असतात. पुढे झडपांभोवती तंतुमय वलये तयार होऊन ही जोडणी तुटते व विद्युत् दृष्ट्या दोन्ही भाग एकमेकांपासून अलग होतात. या वलयांतून आरपार जाणारी वाट एकच उरते. कोटर-अलिंद गाठीत उगम पावलेला आवेग अलिंदांतून पसरत अलिंद-निलय गाठीत येतो, तेथे क्षणभर रेंगाळतो आणि नंतर हिस जुडग्यातून निलयांत उतरतो. गाठीतील हा विलंब निरर्थक नाही. त्यामुळे अलिंदांतील रक्त निलयांत उतरण्यास अवधी मिळतो. शिवाय अलिंदांत आवेगांची गर्दी झाली तरी गाठ त्यांपैकी मोजकेच पुढे जाऊ देते व त्यायोगे निलयांचे रक्षण करते.

वलय पूर्ण होताना एखादा स्नायुतंतू मध्ये राहिला की अतिरिक्त मार्ग निर्माण होतो. तो बहुधा हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेभोवती असतो. तथापि उजव्या बाजूस किंवा दोन्ही बाजूंच्या मधील पडद्यापाशीही आढळतो. उजवीकडील झडप जन्मतः खाली सरकलेली असणाऱ्या एब्स्टाइन विकृतीत असे मार्ग विशेषेकरून आढळतात. अतिरिक्त मार्गात गाठीसारखा विलंब नसतो. त्यामुळे हृल्लेखात अलिंदांची लहर व निलयांची लहर यांमधील अंतर ०.१२ सेकंदाहून कमी होते आणि निलय-लहरीच्या आरंभी एक तिरपी चढण दिसते. तिला डेल्टा तरंग म्हणतात. काही मार्ग आवेग केवळ खालून वर नेतात. अशा वेळी नेहमीचा हृल्लेख पूर्णपणे प्राकृत दिसतो व मार्गाचे अस्तित्व झटक्याच्या वेळीच कळून येते. अशा मार्गास प्रच्छन्न मार्ग म्हणतात.

इतिहास : या विकाराच्या आकलनाचा आरंभ रोग्यापासून नव्हे, तर शारीरविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून झाला. १८९३ मध्ये इंग्लंडमध्ये स्टॅन्ली केंट यांनी सस्तन प्राण्यांच्या हृदयात अलिंद व निलय यांना जोडणाऱ्या स्नायुतंतूंचे वर्णन केले. त्याच वर्षी व्हिल्हेल्म हिस यांनी आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुडग्याचा शोध लावला. असे जोड प्राकृत हृदयात अनेक असतात, अशी केंट यांची समजूत होती. १९०६ मध्ये सुनाओ तावारा यांनी अलिंद-निलय गाठीची रचना स्पष्ट केल्यावर ती मागे पडली. तरीही अतिरिक्त मार्गास केंट यांचे नाव चिकटले ते कायमचे. दरम्यान व्हिलेम आइंटहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तंतु-गॅल्व्हानोमापकाच्या साहाय्याने हृल्लेखनाचे तंत्र सिद्ध केले. या कार्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

झटका कसा सुरू होतो याचे अनुमान जॉर्ज रॅल्फ माइन्स या तरुण शरीरक्रियावैज्ञानिकांनी १९१३-१४ मध्येच केले होते. स्नायूच्या वलयात आवेग एकाच दिशेने फिरत ठेवता येतो हे त्यांनी प्राण्यांच्या हृदयावर दाखविले. केंट यांनी वर्णिलेल्या जोडासारखा दुवा मानवी हृदयात असल्यास आवेग एका वाटेने खाली व दुसऱ्या वाटेने वर असा घोटाळत राहून द्रुत हृद्‌गती उद्‌भवेल, असे त्यांनी सुचविले. १९१४ च्या अखेरीस ऐन विशीत त्यांचे निधन झाले आणि ही कल्पना दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

२ एप्रिल १९२८ रोजी बॉस्टन येथे व्हाइट यांच्याकडे धडधडीच्या झटक्यांची तक्रार घेऊन ३५ वर्षे वयाचे एक व्यायामशिक्षक आले. त्यांचा एरवीचा हृल्लेख विचित्र होता. परंतु व्यायामानंतर तो प्राकृत होई. असेच रोगी लंडनमधील पार्किन्सन यांच्याही पाहण्यात आले होते. दोन्ही ठिकाणचे मिळून ११ रोगी एकत्र करून तिघांनी १९३० मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. निरोगी तरुणांत आढळणारी व द्रुत हृद्‌गतीच्या झटक्यांकडे कल असणारी अवस्था, असे तिचे स्वरूप त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच सांगितले होते. रोगी तरुण होते, त्यांच्या हृदयात दुसरा दोष नव्हता व झटके आपोआप थांबत. त्यामुळे ही अवस्था निरुपद्रवी आहे असा समज रूढ झाला आणि त्यानंतर बराच काळ टिकून राहिला.

या समजास पहिला तडा फिलाडेल्फिया येथे गेला. तेथील वोल्फर्थ व वुड यांनी १९३३ मध्ये अतिरिक्त स्नायुमार्गाचे स्पष्टीकरण पुढे मांडले होते. १९४३ मध्ये वुड, वोल्फर्थ व गेक्लर यांनी १६ वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूनंतर त्याच्या हृदयाचे सूक्ष्म छेद घेऊन अलिंद व निलय यांमधील स्नायूचा जोड प्रत्यक्ष दाखवून दिला. पुढील वर्षी स्वीडनमध्ये ओनेल यांनीही असाच पुरावा सादर केला. पूर्वोद्दीपन ही संज्ञा त्यांचीच. ज्या मार्गास निरुपद्रवी मानले जात होते, त्याचा निर्विवाद पुरावा मृत तरुणांच्या हृदयांतून मिळाला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

१९६७ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे डर्क ड्यूरर, हाइन व्हेलेन्स व त्यांचे सहकारी यांनी हृदयात घातलेल्या विद्युत् अग्रांतून नेमक्या वेळी उद्दीपने देऊन झटका हवा तेव्हा सुरू करता येतो व थांबविताही येतो, हे रोग्यांत दाखविले. माइन्स यांचे अनुमान अशा रीतीने ५० वर्षांहून अधिक काळाने सिद्ध झाले. याच प्रयोगांतून हृदयाच्या विद्युत् परीक्षणाची आधुनिक शाखा उदयास आली.

धोक्याचे स्वरूप : अतिरिक्त मार्गामुळे उद्‌भवणाऱ्या तालविकृती मुख्यत्वे दोन प्रकारच्या असतात आणि त्यांचे परिणाम सारखे नसतात. पहिल्या प्रकारात आवेग गाठीतून खाली व अतिरिक्त मार्गाने वर असा फिरत राहतो. नाडी एकदम वाढून मिनिटाला १५० ते २५० पर्यंत जाते, ती नियमित असते व झटका आला तसाच अचानक थांबतो. छातीत धडधडणे, घाम सुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे होतात. तपासणीपूर्वीच झटका ओसरल्यास तो पुष्कळदा मनाच्या घबराटीचा समजला जातो. हा प्रकार त्रासदायक असला, तरी हृदय अन्यथा निरोगी असल्यास क्वचितच प्राणघातक ठरतो.

दुसरा प्रकार अलिंद-कंपनाचा होय; त्यास सामान्यतः एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यात अलिंदांत मिनिटाला ३५० ते ६०० अनियमित आवेग उत्पन्न होतात. प्राकृत हृदयात गाठ त्यांपैकी बहुतेक अडविते. अतिरिक्त मार्ग त्वरित संवहन करणारा असेल, तर मात्र तो त्यांपैकी शेकडो आवेग सरळ निलयांत उतरवितो. निलयांची गती मिनिटाला २५० च्या पुढे गेली की त्यांचे आकुंचन विस्कळित होऊन निलय-कंपन सुरू होऊ शकते. त्या स्थितीत रक्ताभिसरण थांबते व काही मिनिटांत विद्युत् आघाताचा उपचार न मिळाल्यास मृत्यू ओढवतो. या लक्षणसमूहाच्या रोग्यांपैकी सु. एकतृतीयांशांना आयुष्यात केव्हातरी अलिंद-कंपन होते, असे विविध अभ्यासांवरून दिसते.

हा संबंध १९७९ मध्ये जॉर्ज क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निलय-कंपन झालेल्या २५ रोग्यांच्या अभ्यासाने पक्का केला. अलिंद-कंपनाच्या वेळी मार्गाने आलेल्या दोन लागोपाठच्या ठोक्यांमधील सर्वांत कमी अंतर या रोग्यांत २५० सहस्रांश सेकंद किंवा त्याहून कमी होते. मार्गाच्या केवळ अस्तित्वापेक्षा तो किती त्वरेने पुन्हा वहनक्षम होतो यावर धोका अवलंबून असतो, हे तेव्हापासून मान्य झाले. काही रोग्यांत निलय-कंपन हेच विकाराचे पहिले लक्षण असते, हेही नंतरच्या निरीक्षणांत आढळले.

दीर्घकालीन धोक्यांत आणखी दोन गोष्टींचा समावेश होतो. काही मार्ग आवेग फार मंद गतीने वर नेतात. अशा रोग्यांत, विशेषतः मुलांत, द्रुत गती आठवडे व महिने जवळजवळ अखंड चालू राहते. फ्रान्समध्ये फिलिप कुमेल यांनी १९६७ मध्ये वर्णिलेला हा प्रकार हळूहळू हृद्‌स्नायू दुबळा करतो व हृदय प्रसरण पावते. मूळ कारण न ओळखल्यास ते स्नायूचाच रोग समजले जाण्याचा संभव असतो. ताल सुधारल्यावर मात्र हृदय बहुधा पूर्ववत होते. दुसरी गोष्ट अलिंदांची होय. अमेरिकेतील यूटा राज्यातील रोग्यांवर आधारलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मार्ग नष्ट केल्यानंतरही या व्यक्तींत पुढील आयुष्यात अलिंद-कंपनाचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक राहिल्याचे आढळले. मार्ग गेला म्हणजे अलिंदांची प्रवृत्तीही गेली असे समजता येत नाही.

धोक्याचे मोजमाप : रुग्णालयात आलेल्या रोग्यांवरून काढलेले अनुमान अतिरंजित होते, कारण त्रास नसलेले लोक तेथे येतच नाहीत. म्हणून संपूर्ण वस्तीचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड परगण्यात १९५३ ते १९८९ या काळात पूर्वोद्दीपन आढळलेल्या ११३ रहिवाशांचा पाठपुरावा करण्यात आला. त्यांत आकस्मिक मृत्यू दोन होते. म्हणजे दर १,००० रुग्ण-वर्षांमागे सु. १.५. लक्षणे नसलेल्या व्यक्तींच्या अनेक अभ्यासांचा २०१२ मध्ये एकत्रित आढावा घेतला असता हे प्रमाण दर १,००० व्यक्ति-वर्षांमागे सु. १.२५ आले. इटलीतील कार्लो पाप्पोने यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदणीत मार्ग नष्ट न केलेल्या १,००१ व्यक्तींपैकी १५ जणांत आठ वर्षांच्या काळात निलय-कंपन झाले व त्यांत मुलांचा भरणा अधिक होता. मार्ग नष्ट केलेल्यांत ते कोणासही झाले नाही.

हे आकडे दोन्ही बाजूंनी नीट वाचावे लागतात. वर्षाला हजारात एक हे प्रमाण अल्प आहे आणि ज्याच्या हृल्लेखात डेल्टा तरंग आढळला त्यास मृत्यूच्या छायेत वावरण्याचे कारण नाही. उलट, हा विकार तारुण्यात किंवा त्याआधी आढळतो. अशा व्यक्तीपुढे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य असते व तो अल्प धोका दरवर्षी नव्याने मोजावा लागतो. त्यासाठी सरळ गुणाकारही बरोबर ठरत नाही, कारण वय वाढेल तसतसे मार्गाचे संवहन पुष्कळांत मंदावते आणि धोका बालपणापासून तिशीपर्यंतच्या काळात अधिक केंद्रित असतो. झटके येत असणे, अलिंद-कंपन झालेले असणे, एकाहून अधिक मार्ग असणे, एब्स्टाइन विकृती असणे व मार्गाचा विश्रांतिकाल अल्प असणे ही धोका वाढल्याची चिन्हे होत. व्यायाम करताना डेल्टा तरंग एकदम नाहीसा होणे हे सामान्यतः मंद मार्गाचे, म्हणून अनुकूल चिन्ह मानले जाते.

उपचार : नियमित द्रुत गतीचा झटका थांबविण्यासाठी श्वास कोंडून जोर करण्याची जुनी कृती अद्याप उपयुक्त आहे. जोर केल्यानंतर लगेच रोग्यास आडवे करून पाय वर धरल्यास यशाचे प्रमाण वाढते, असे इंग्लंडमधील २०१५ च्या अभ्यासात दिसून आले : नेहमीच्या पद्धतीने १७ टक्के, तर सुधारित पद्धतीने ४३ टक्के झटके थांबले. न थांबल्यास ॲडिनोसीन हे औषध शिरेतून देतात.

अलिंद-कंपनात मात्र परिस्थिती उलटते. गाठ मंद करणारी डिजॉक्सिन व व्हेरापामिल यांसारखी औषधे अन्य रोग्यांत नाडी आटोक्यात आणतात. परंतु पूर्वोद्दीपन असलेल्या रोग्याच्या अलिंद-कंपनात ती दिल्यास अतिरिक्त मार्गाने उतरणाऱ्या आवेगांचा लोंढा वाढून निलय-कंपन होऊ शकते. धडधडीवर नेहमी लागू पडणारे औषधच अशा वेळी घातक ठरते. म्हणून अनियमित, अतिजलद व रुंद लहरींचा हृल्लेख दिसताच ही औषधे वर्ज्य समजतात. रोगी ढासळत असल्यास तात्काळ नियंत्रित विद्युत् आघात देतात. स्थिर असल्यास प्रोकेनामाइडसारखी, मार्गाचे संवहन मंद करणारी औषधे वापरतात.

कायमच्या उपचाराचा आरंभ शस्त्रक्रियेने झाला. १९६८ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी एका मच्छीमाराच्या हृदयातील मार्ग छाती उघडून छेदला व त्याचे झटके थांबले. पुढील दोन दशके हीच पद्धत प्रचारात होती. १९८० नंतर शिरेतून घातलेल्या कॅथेटरद्वारे आत विद्युत् आघात देण्याचे प्रयोग झाले. पण त्याची तीव्रता आवरणे कठीण होते. १९८७ मध्ये जर्मनीतील बोर्गग्रेफे व सहकाऱ्यांनी आघाताऐवजी रेडिओ कंप्रतेच्या प्रवाहाची उष्णता वापरून अतिरिक्त मार्ग नष्ट केला. १९९१ मध्ये ओक्लाहोमा येथील वॉरन जॅकमन व सहकाऱ्यांनी १६६ रोग्यांपैकी १६४ जणांत या पद्धतीने यश मिळाल्याचे प्रसिद्ध केले. मांडीतील शिरेतून किंवा रोहिणीतून नेलेल्या कॅथेटरच्या टोकाशी काही मिलिमीटर ऊतक तापवून मार्ग तोडला जातो. छाती उघडावी लागत नाही व रोगी थोड्याच दिवसांत घरी जातो. मार्ग अलिंद-निलय गाठीच्या अगदी निकट असल्यास गाठीलाच इजा होऊन कृत्रिम गतिकारक म्हणजे पेसमेकर बसवावा लागण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी गोठवण्याची पद्धती अधिक सुरक्षित समजली जाते.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर : मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांशी या परिसराचा संबंध मुख्यतः लोहमार्गाने जोडला गेला. बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास आली व पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. विसाव्या शतकात या मार्गालगत कारखाने व नोकरदारांच्या वसाहती वाढल्या आणि ठाणे (१९८२) व कल्याण-डोंबिवली (१९८३) येथे महानगरपालिका स्थापन झाल्या. दीर्घकाळपर्यंत विशेष उपचारांसाठी येथील रोगी याच मार्गाने भायखळ्याजवळचे जे. जे. रुग्णालय, परळचे राजे एडवर्ड स्मारक म्हणजे केईएम रुग्णालय (१९२६) किंवा शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय गाठीत. १९९० नंतरच्या दशकात रेडिओ कंप्रता पद्धती भारतात रुजली, तेव्हा केईएम रुग्णालय हे तिच्या महत्त्वाच्या केंद्रांपैकी एक होते. ठाणे महानगरपालिकेचे कळवा येथील वैद्यकीय महाविद्यालय १९९२ मध्ये सुरू झाले. एकविसाव्या शतकात ठाण्यातील काही रुग्णालयांतही हृदयाच्या विद्युत् परीक्षणाची सोय झाली.

या विकारात अंतराचा प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. कल्याण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सु. ५४ किमी. अंतरावर आहे, धडधडीचा झटका मात्र पुष्कळदा अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. विशेषज्ञापर्यंत पोहोचलेल्या रोग्याची नाडी तोवर प्राकृत झालेली असते आणि मार्ग प्रच्छन्न असल्यास हृल्लेखातही काही दिसत नाही. त्यामुळे झटका चालू असताना घराजवळच्या दवाखान्यात काढलेली हृल्लेखाची पट्टी हाच निदानाचा सर्वांत मोलाचा पुरावा ठरतो. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय यांसारखी महापालिकेची रुग्णालये किंवा गल्लीतील खाजगी चिकित्सक यांचे या साखळीतील स्थान म्हणूनच पहिले आहे. पहिली पट्टी कोठे काढली गेली, ती जपून ठेवली गेली काय आणि अनियमित रुंद लहरी पाहून योग्य औषध टाळले गेले की अयोग्य दिले गेले, यांवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. उष्णतेने उमटणारी अशी पट्टी काही वर्षांत फिकी पडते; तिचे छायाचित्र किंवा प्रत ठेवणे हितावह असते.

रोजच्या जीवनक्रमामुळेही येथे काही विशेष प्रश्न उद्‌भवतात. हजारो लोक गर्दीच्या लोकल गाडीत दाराशी उभे राहून प्रवास करतात. तेथे आलेली क्षणभराची घेरीसुद्धा प्राणावर बेतू शकते, मग तालविकृती स्वतः घातक नसली तरी. धडधडीबरोबर शुद्ध हरपण्याचा प्रसंग एकदा जरी घडला असेल, तरी त्याची तपासणी लांबणीवर टाकणे इष्ट नसते. डोंबिवली व अंबरनाथ येथील कारखाने, ठाण्याची वागळे औद्योगिक वसाहत आणि रेल्वे यांतील नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणीत हृल्लेख काढला गेल्यास लक्षणे नसलेले पूर्वोद्दीपन प्रथमच उघड होण्याचा संभव असतो. ज्याला कधी काही झाले नाही असा तरुण त्या दिवशी एकाएकी रोगी ठरतो.

तातडीच्या प्रसंगी महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. खर्चाच्या बाबतीत राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये निवडक जिल्ह्यांत व नोव्हेंबर २०१३ पासून सर्व राज्यात लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते आणि हृदयविकारांवरील अनेक उपचार तिच्या कक्षेत येतात.

लक्षणे नसलेल्या व्यक्ती : १९९१ पूर्वी या व्यक्तींना धीर देण्यापलीकडे फारसे काही करण्यासारखे नव्हते, कारण छाती उघडण्याचा धोका विकाराच्या धोक्याहून मोठा होता. कॅथेटरने मार्ग नष्ट करणे सुकर झाल्यावर तुलनाच बदलली. पाप्पोने व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये, लक्षणे नसलेल्या परंतु परीक्षणात झटका उद्दीपित होऊ शकणाऱ्या व्यक्तींत, आधीच मार्ग नष्ट केल्याने पुढील तालविकृती पुष्कळ कमी होतात असे दाखविले. सर्वांनाच हा उपाय करावा काय, यावर मतभेद झाले. कारण कॅथेटरच्या उपचारातही अल्प का होईना, इजेचा धोका असतो व तो अशा व्यक्तीने पत्करावयाचा असतो की जिला कदाचित कधीच काही झाले नसते. यूरोपीय हृद्‌विज्ञान संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूत्रांनी मध्यममार्ग घेतला. स्पर्धात्मक खेळाडू व इतरांच्या जिवाची जबाबदारी असणारे चालक, वैमानिक यांसारखे व्यावसायिक यांचे विद्युत् परीक्षण अवश्य करावे, इतरांच्या बाबतीत ते विचारात घ्यावे व धोक्याची चिन्हे आढळल्यास मार्ग नष्ट करावा, असा त्यांचा आशय आहे.

परीक्षणात मार्ग मंद आढळल्यास केवळ डेल्टा तरंगाच्या आधारे खेळ, शिक्षण वा नोकरी नाकारणे शास्त्रास धरून होत नाही. तसेच मार्ग त्वरित संवहन करणारा आढळल्यास लक्षणांची वाट पाहणेही योग्य नव्हे, कारण काहींत पहिले लक्षण तेच अखेरचे ठरते. मुलांत शरीराची वाढ, स्त्रियांत गर्भारपणी झटके वाढण्याची प्रवृत्ती व प्रत्येकाचा व्यवसाय यांचा विचार करून निर्णय घेतला जातो. मार्ग यशस्वी रीत्या नष्ट झालेल्या बहुतेक व्यक्ती औषधावाचून प्राकृत जीवन जगतात. उतारवयात नव्याने अनियमित धडधड जाणवल्यास मात्र अलिंद-कंपनाच्या शक्यतेसाठी त्यांनी पुन्हा हृल्लेख काढून घेणे आवश्यक असते.